मत आपलं, महापौर कुणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



धम्मावर बोलायला भन्तेजी आहेत. बाबासाहेबांच्या ग्रंथांवर बोलायला प्राध्यापक मंडळी बोलावली आहेत. माझ्यासारख्या साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेल्या गिरणी कामगाराच्या वाट्याला समितीनं महापालिकेची निवडणूक दिली. बरं केलं. कारण पुस्तकापेक्षा नळ, गटार आणि मतदारयादी या तीन गोष्टींशी माझा संबंध जास्त आला. रात्रशाळेत शिकलो, पुढचं वाचन रातपाळीत जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी सुटल्यावर विहाराच्या वाचनालयात झालं. तेव्हा बोलण्यात काही उणं-अधिक असेल तर सांभाळून घ्यावं.

१५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं. गुरुवार होता. शहरात एक कोटीच्या वर मतदार, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त घराबाहेर पडले. म्हणजे पंचेचाळीस लाखांच्या वर माणसांनी सुट्टी घेतली आणि मत दिलं नाही. आधीच्या २०१७ च्या निवडणुकीत साधारण ५५ टक्के मतदान झालं होतं, त्याच्याही आधी २०१२ ला जेमतेम ४५. विधानसभेला २०२४ साली राज्यात ६६ टक्के मतदान झालं, तेव्हाही मुंबई मागेच होती. कुलाब्यासारख्या साहेब लोकांच्या भागात तर दर वेळी रडगाणं असतं. पण त्यांचं मला काही वाटत नाही. त्यांचा रस्ता मत न देताही झाडला जातो. आपली गल्ली तशी झाडली जात नाही, हे इथं बसलेल्या प्रत्येक माऊलीला माहीत आहे.

ही निवडणूक किती उशिरा झाली ते आठवा. आधीच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. संविधानात १९९२ साली ७४ वी दुरुस्ती झाली, ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीत स्पष्ट लिहिलं आहे की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. तरीही ओबीसी आरक्षण आणि वॉर्ड किती, कसे पाडायचे, या वादांत जवळजवळ चार वर्षं मुंबईला ना नगरसेवक होता ना महापौर. आयुक्त हेच प्रशासक. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे चाक हललं. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. काही छोट्या राज्यांनाही एवढा पैसा दिसत नाही. एवढ्या पैशाचा हिशेब विचारायला लोकांनी निवडलेला एकही माणूस त्या सभागृहात नव्हता.

त्या चार वर्षांत आपल्याकडे काय झालं? मागच्या गल्लीतलं पाणी पहाटे यायचं ते मध्यरात्री यायला लागलं. आम्ही चार-पाच जण अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. साहेब मीटिंगमध्ये. पूर्वी नगरसेवक बरा असो वा वाईट, त्याच्या दारात जाऊन पंचवीस बाया हंडे घेऊन बसल्या की त्याला बाहेर यावं लागायचं, कारण पुढच्या वेळी याच बायांकडे हात जोडून यायचं असतं. अधिकाऱ्याला ही भीती नाही. त्याची बदली होते. एवढाच फरक, पण पाण्याच्या बाबतीत तो फार मोठा आहे.

आता आपल्यातले काही तरुण म्हणतात, काका, महापौराला अधिकारच नाहीत तर मत देऊन काय उपयोग? पोरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. मुंबईची महापालिका अजून १८८८ च्या कायद्यावर चालते. इंग्रजांचं राज्य होतं, त्यांनी किल्ली आयुक्ताच्या हातात ठेवली. इंग्रज गेले, किल्ली तिथंच राहिली. आजही आयुक्त राज्य सरकार नेमतं, अंमलबजावणीचे अधिकार त्यालाच. महापौर सभागृह चालवतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून मान घेतो. त्याचा बंगला पूर्वी शिवाजी पार्कच्या समुद्राकाठी होता, आता राणीच्या बागेत आहे, म्हणून आपली पोरं चेष्टा करतात ती सांगत नाही. १९९८ साली मेयर-इन-कौन्सिल नावाचा प्रयोग झाला, महापौराला खरे अधिकार देण्याचा. तो एक-दीड वर्षात गुंडाळला. महापौर आपण थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी. तो कोणत्या प्रवर्गाचा, महिला की सर्वसाधारण, याची मंत्रालयात चिठ्ठी निघते.

पण उरलेलं निम्मं ऐका. आयुक्ताचा अर्थसंकल्प कुणापुढे जातो? स्थायी समितीपुढे. मोठी कंत्राटं कुणाच्या मंजुरीनं निघतात? स्थायी समितीच्या. त्या समितीत कोण बसतं? नगरसेवक. शहराचा विकास आराखडा तयार होतो, कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे खेळाचं मैदान, तो राज्य सरकारकडे जाण्याआधी कुणाच्या सभागृहातून जातो? त्यांच्याच. अहो, गिरण्यांच्या जमिनींचंच घ्या. १९९१ च्या विकास नियमावलीत ठरलं होतं की गिरणीची जमीन विकायला काढली तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली राज्य सरकारनं त्यात बदल केला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी तर शेड! सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. आमच्या साच्यांच्या जागी आज काचेचे टॉवर आहेत. हा एक शब्दाचा फेरफार झाला तेव्हा आपण बंद गिरणीच्या गेटावर देणी मागत बसलो होतो. कागदावर काय चाललंय ते बघायला आतमध्ये आपला माणूस हवा असतो.

काही जण म्हणतात, महापौर थेट जनतेतून निवडा म्हणजे लोक मतदानाला येतील. आपल्या राज्यात नगरपरिषदांचे नगराध्यक्ष कधी थेट, कधी नगरसेवकांतून, असा खेळ सरकारागणिक चालू आहे. २०२५ च्या डिसेंबरात ते पुन्हा थेट निवडले गेले. माझं मत विचाराल तर नुसत्या थेट निवडणुकीनं माणूस रांगेत येत नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण देतो, वर्तमानपत्रात सगळ्यांनीच वाचलं असेल. तिथं महापौर लोक थेट निवडतात, त्याला अधिकारही भरपूर. तरी २०२१ साली चारातला एक मतदारसुद्धा आला नव्हता. तेच शहर ४ नोव्हेंबर २०२५ ला वीस लाखांच्या वर मतांनी उठलं, १९६९ नंतर पहिल्यांदा. का? कारण जोहरान ममदानी नावाच्या तरुण उमेदवारानं घरभाडं गोठवण्याची गोष्ट काढली. भाडं! चाळीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्या चुलीशी संबंध आहे हे कळलं की माणूस चालत येतो.

आपल्या समाजाचा तर नगरपालिकेशी संबंध चुलीच्याही आधीचा, पाण्याचा आहे. महाडचा सत्याग्रह आपण दर वर्षी २० मार्चला साजरा करतो. भाषणं होतात, गाणी होतात. पण त्यात नगरपालिका होती हे आपण पोरांना सांगत नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. तो पास झाला. त्याला धरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण एकाही अस्पृश्य माणसाला तिथं पाणी भरता येत नव्हतं. म्हणून १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. म्हणजे सत्याग्रह बेकायदा नव्हता, नगरपालिकेच्या ठरावाचा अंमल होता! आणि पुढे काय झालं? ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. ज्या सभागृहानं दार उघडलं त्यानंच ते लावून घेतलं. मग कोर्टकचेरी, ती थेट १९३७ सालापर्यंत, तेव्हा कुठे उच्च न्यायालयानं आपल्या बाजूनं निकाल दिला. दहा वर्षं!

मी स्वतःला विचारतो, तो ठराव मागे घेणाऱ्यांना कशाची भीती वाटली नसेल? मतांची. त्या काळी मत कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. महारवाड्यात कुणाकडे होतं ते? पाणी प्यायला येणाऱ्यांना मत नव्हतं आणि मत असणाऱ्यांना पाण्याची अडचण नव्हती. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९१९ साली साउथबरो समितीपुढे ते मताच्या हक्कासाठी बोलले, सायमन कमिशनपुढे १९२८ साली प्रौढ मतदान मागितलं. १९३२ साली मुंबईच्या कौन्सिलात ग्रामपंचायतीचं बिल आलं तेव्हा त्यांनी विरोध केला, का तर प्रौढ मतदान आणि आपल्यासाठी राखीव जागा नसतील तर गावची पंचायत म्हणजे गावच्या दांडग्यांच्या हातात दिलेली काठी. ही वाक्यरचना माझी आहे, मुद्दा त्यांचा.

आपल्या मुंबईतही तीच गत होती. पालिकेला मत कर भरणाऱ्याला आणि ठरावीक भाडं भरणाऱ्याला. गिरणीत चाळीस वर्षं राबलेला, एका खोलीत दहा जणांबरोबर पथारी टाकणारा, शहराच्या लेखी मतदार नव्हताच. प्रत्येक प्रौढाला मत, ही गोष्ट मुंबई पालिकेत पहिल्यांदा १९४८ साली आली, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधी. आणि बघा, अकरा-बारा वर्षांत काय झालं. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीनं पालिका जिंकली. कामगार आणि आपला समाज एका बाजूला उभा राहिला. १९५८ मध्ये कम्युनिस्ट कामगार पुढारी मिरजकर महापौर झाले आणि १९५९ मध्ये पी. टी. बोराळे, आपल्या चळवळीतला माणूस. ज्या शहरात पूर्वी खोलीचं भाडं बघून मत द्यायचे त्या शहराचा पहिला नागरिक! पुढे १९९२ मध्ये चंद्रकांत हंडोरे रिपब्लिकन पक्षाकडून महापौर झाले. तेव्हा मी नुकताच बदली कामगार म्हणून लागलो होतो, खात्यात आपल्या पोरांनी पेढे वाटले ते आठवतं. त्यानंतर आपण गटांत वाटले गेलो. कोणता गट खरा याच्यात मी आज पडत नाही, विहारात ते शोभत नाही. फक्त एवढं सांगतो की एका वॉर्डात आपलेच तीन उमेदवार उभे राहतात तेव्हा चौथा हसत हसत निघून जातो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपण १९५६ साली बौद्ध झालो, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडावं लागलं. चौतीस वर्षं. तोवर राखीव जागेवर उभं राहायचं तर कागदावर जुनी ओळख दाखवायची पाळी यायची. आज मुंबईत २२७ पैकी १५ वॉर्ड अनुसूचित जातींसाठी राखीव असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात. हे फुकट मिळालेलं नाही. तेव्हा महिला मंडळाला माझी विनंती आहे, राखीव जागेवर नवऱ्याच्या नावानं सही करणारी बाई नको, हंडा घेऊन दारात बसणारी बाई उभी करा.

एका मतानं काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी गिरगावचा २२० नंबरचा वॉर्ड. २०१७ ची निवडणूक. भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर, दोघांनाही बरोबर ५,९४६ मतं. फेरमोजणी केली, तरी तेवढीच. शेवटी चिठ्ठी टाकली, शहा निवडून आले. त्या वेळी शिवसेनेच्या जागा ८४ आणि भाजपच्या ८२, एवढी रस्सीखेच. आणि त्या वॉर्डातला कुणी एक जण त्या दिवशी गावाला गेला असेल, कुणी दुपारी झोपला असेल, त्याच्या एका मतावर हे ठरलं असतं. दुसरं असं बघा, तेव्हा सरासरीनं एका वॉर्डात चाळीस हजारांच्या आसपास मतदार होते. त्यातली सहा हजारही मतं न घेता माणूस नगरसेवक होतो. आपल्या विहाराच्या आसपासच्या गल्ल्या, दोन्ही चाळी आणि पलीकडची वस्ती एका सुरात उभी राहिली तर काय होईल याचा हिशेब घरी जाऊन करा.

बरं, आपले लोक आळशी आहेत असं मी म्हणणार नाही. जानेवारीत मी आणि आपली काही पोरं बूथबाहेर टेबल टाकून बसलो होतो. सकाळी साडेसातला मतदान सुरू व्हायच्या आधी कोण आलं? टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाणाऱ्या बाया. सरकारनं सुट्टी दिली होती, पण ती साहेबाला. साहेब घरी म्हटल्यावर बाईला काम दुप्पट. सिक्युरिटीची पोरं बारा तासांची ड्युटी करून परस्पर आली. संध्याकाळी साडेपाचला दार बंद. विधानसभेला सहापर्यंत वेळ असतो, त्या हिशेबानं धावत आलेली एक भगिनी दारातून परत गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे यादीत नाव नाही म्हणून परत गेलेली माणसं. त्यांचे चेहरे बघवत नव्हते. आजोबांनी ज्यासाठी मार खाल्ला ते मत हातात कार्ड असूनही देता आलं नाही.

यादीचं काय होतं ते नीट समजून घ्या. पालिकेची वेगळी मतदारयादी नसते. विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला घेतात आणि वॉर्डवार कापतात. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर नाव घालायला धावलात तर काही होत नाही, तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, कुटुंबं संक्रमण शिबिरात गेली. कुणाचं नाव जुन्या पत्त्यावर, कुणाचं दोन्हीकडे, कुणाचं कुठेच नाही. मुलं जागेअभावी कल्याण, अंबरनाथ, विरारला गेली. मत इकडे, बिऱ्हाड तिकडे. तिकडच्या महापालिकांत तर एका प्रभागात चार-चार नगरसेवक, चार वेळा बटण दाबायचं. सून घरात येऊन पाच वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या यादीत. आणि वारलेले आजोबा मात्र यादीत ठणठणीत. गेल्या निवडणुकीत मुंबईच्या यादीत दुबार नावं लाखांच्या घरात निघाली, त्यावरून किती गदारोळ झाला ते आपण पाहिलं. वारलेल्याचं किंवा दुबार नाव काढण्यासाठी फॉर्म ७ भरायचा, आणि तो आपण स्वतः भरलेला बरा. दुसऱ्यानं ढिगाऱ्यानं भरले की जिवंत माणसंही गळतात.

भन्तेजी समोर आहेत म्हणून धीर करून एक बोलतो. संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी सांगितलं की सभेचे नियम, ठराव, कोरम, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं भिक्खू संघाला माहीत होतं. विनयात शलाका वाटण्याची रीत आहे. लाकडाच्या काड्या, त्या उचलून मत द्यायचं, आणि त्या गोळा करणारा भिक्खू पक्षपात न करणारा हवा. महापरिनिर्वाण सुत्तात वज्जींची गोष्ट आहे. मगधाचा अमात्य वज्जींवर चढाई करायची म्हणून विचारायला आला, तेव्हा तथागतांनी आनंदाला पहिल्यांदा विचारलं ते हेच, की वज्जी वरचेवर सभा भरवतात का, आणि पुष्कळ संख्येनं जमतात का. सैन्य किती, हत्ती किती, हे नाही विचारलं. आमच्या खात्यात एक म्हातारा जॉबर होता, तो युनियनच्या सभेला कोण आलं आणि कोण नाही याची वही ठेवायचा. त्याला सुत्त माहीत नव्हतं. पण काम तेच करत होता.

आता कामाचं बोलतो आणि बसतो. समितीनं परवानगी दिली आहे, त्याप्रमाणे येत्या रविवारपासून दर रविवारी वंदना झाल्यावर नऊ ते बारा विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही टेबल टाकणार आहोत. येताना रेशनकार्ड, आधार आणि मतदान कार्डाची झेरॉक्स आणा. अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा फॉर्म ६, पत्ता बदललेल्यांचा किंवा नाव चुकलेल्यांचा फॉर्म ८. आपल्या कॉलेजच्या पोरी मोबाईलवर भरून देतील, ज्याला कागदावर हवा त्याला कागदावर. सुनांची नावं पहिल्यांदा घेऊ. संक्रमण शिबिरातल्या कुटुंबांची वही वेगळी केली आहे, त्यांचे नवे-जुने पत्ते त्यांच्या शेजाऱ्यांनी आणून द्यावेत, कारण त्यांना एवढ्या लांबून यायला एका माणसाचे दोन्हीकडचे मिळून साठ-सत्तर रुपये लागतात. तळमजल्याच्या खोलीतल्या मावशी म्हणाल्या की मला जिना चढवत नाही. त्यांच्याकडे पोरं घरी येतील, तसं त्यांना सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!